'मला काही सुचतच नाही' म्हणणारी मुलगी आणि तिच्या कल्पकतेचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी नववीत आहे. सहा-सात वर्षांची असताना खोकी, दोऱ्या, बंद पडलेली घड्याळं घेऊन दिवसभर काहीतरी करत बसायची, गोष्टी रचून सांगायची. आता प्रकल्प दिला की यूट्यूबवरून उचलते, निबंध पाठ करते आणि विचारलं तर 'मला काही सुचतच नाही' म्हणते. बुद्धिमापन चाचणीचा निकाल उत्तम आलाय. मग कल्पकता वाढवणारा एखादा क्लास लावावा का, हे मोबाईलमुळे झालं का, आणि तिचे बाबा म्हणतात तसं 'आधी मार्क, कल्पकता नंतर' हे बरोबर का?

शाळा-कॉलेजातल्या मुलांचं समुपदेशन हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत समोर येतो. मुलात काहीतरी होतं आणि ते आटलं, असं पालकांना वाटत असतं. मला मात्र बहुतेक मुलांमध्ये सुचणं चालूच असलेलं दिसतं. जे सुचलं ते अर्धवट, कच्चं असताना चार लोकांत दाखवायची तयारी मात्र राहिलेली नसते. आपलं काम कोण बघणार, कधी बघणार आणि बघून काय म्हणणार, या तीन गोष्टींचा धसका कल्पकतेवर जेवढा परिणाम करतो तेवढा दुसरं काहीच करत नाही, असं माझं मत आहे. पुढचं सगळं उत्तर त्याच अंगाने आहे.

बुद्ध्यांकाचं आधी उरकून टाकू. १९५० साली जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावलं होतं, की मानसशास्त्रीय लेखनाच्या सूचीत नोंदलेल्या सुमारे १,२१,००० लेखनांपैकी जेमतेम १८६ सर्जनशीलतेशी संबंधित आहेत. एकच बरोबर उत्तर शोधणारा विचार आणि एका प्रश्नातून अनेक वाटा फोडणारा विचार हे दोन वेगळे आहेत, ही मांडणी त्याने रुजवली. विटेचे जास्तीत जास्त उपयोग सांगा, हा प्रसिद्ध प्रश्न त्याच परंपरेतला. आपल्याकडे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्डच्या बुद्धिरचनेचा आधार घेऊन मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. तुम्ही जी चाचणी करून घेतलीत ती बहुधा पहिल्या प्रकारचा विचार मोजते. निकाल चांगला आहे, आनंद आहे. पण कल्पकतेबद्दल त्यातून फार काही कळत नाही. आणि आता कल्पकतेची चाचणीही करून घ्यावी का, असं विचाराल तर करू नका. ज्या मुलीला मोजलं जाण्याचा कंटाळा आणि भीती आहे, तिला आणखी एका फुटपट्टीला लावून काय साधणार?

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो, तुमच्यापर्यंतही आला असेल : नासाच्या चाचणीत पाच वर्षांची ९८ टक्के मुलं अलौकिक प्रतिभेची निघाली आणि मोठी होता होता शाळेने त्यांची वाट लावली. त्या आकड्यावर भिस्त ठेवावी एवढा भक्कम पुरावा त्यामागे नाही. ई. पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या मुलांमध्ये साधारण चौथीच्या सुमाराला कल्पकतेची घसरण दिसली होती, हे खरं. पण ती सगळीकडे सारखी आढळलेली नाही आणि पुढच्या वयात बरीच मुलं पुन्हा वर येतात.

वय वाढताना बदलतं काय, यावर मला दोन प्रयोग फार बोलके वाटतात. टिम जर्मन आणि डेफेटर या संशोधकांनी २००० साली मुलांसमोर एक खोकं आणि काही वस्तू ठेवल्या; खेळण्यातल्या अस्वलाला उंच फळीपर्यंत पोचवायचं होतं. युक्ती अशी, की खोकं पालथं घालून त्याची पायरी करायची. खोक्यात वस्तू भरून ठेवल्या, म्हणजे ते 'वस्तू ठेवायचं खोकं' आहे असं दाखवलं, की सहा-सात वर्षांची मुलं अडखळायची. पाच वर्षांच्यांना काही फरक पडत नव्हता. खोकं कशासाठी असतं हे त्यांच्या डोक्यात अजून पक्कं बसलेलं नव्हतं ना! तेव्हा ज्ञान वाढलं की थोडा आडमुठेपणा येतोच, त्यात शाळेचा किंवा तुमचा दोष नाही.

दुसऱ्या प्रयोगाचं तसं नाही. बोनाविट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लहान मुलांना एक खेळणं दिलं, ज्यात आवाज, आरसा अशा बऱ्याच गमती लपलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात सांगितलं, 'हे बघ, हे असं चालतं', आणि एक गंमत करून दाखवली. काही मुलांसमोर तीच गंमत चुकून घडल्यासारखी केली. ज्यांना शिकवलं गेलं त्यांनी तेवढंच केलं आणि खेळणं लवकर सोडलं. बाकीच्यांनी खूप जास्त शोधाशोध केली. मोठ्यांनी नीट समजावून सांगितलं म्हणजे यात तेवढंच असणार, असा मुलांचा अंदाज असतो आणि तो तसा शहाणपणाचाच आहे. पण आपल्या घरांत आणि शाळांत दिवसभर दुसरं काय चालतं? 'अशी करायची ओळ, असा काढायचा समास, असा लिहायचा निबंध.'

आता वयात येण्याकडे वळू, कारण मुलगी चौदाची आहे. ॲलिसन गोपनिक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लहान मुलं, किशोरवयीन आणि प्रौढ अशी तुलना केली. यंत्र कसं चालतं हे ओळखण्यात, म्हणजे अनपेक्षित स्पष्टीकरण चटकन स्वीकारण्यात, सर्वांत लहान मुलं पुढे होती आणि वयानुसार ही लवचीकता कमी होत गेली. मात्र माणसं अशी का वागतात, या प्रश्नात किशोरवयीन मुलं सर्वांत लवचीक निघाली, प्रौढांपेक्षाही आणि बालकांपेक्षाही. तुमच्या मुलीकडे याच नजरेने एकदा बघा. शिक्षकांना ठेवलेली नावं, मैत्रिणींच्या गटातले मीम, कुणाच्या वाढदिवसाला रचलेला कट, दोन मैत्रिणींचं भांडण मिटवायची युक्ती, या सगळ्यात ती काय काय करते हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. तुम्ही अजून खोकी आणि दोऱ्या शोधताय.

पण याच वयाची दुसरी बाजू जड असते. डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली : सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं किशोरवयीन मुलाला सतत वाटत राहतं. एल्काइंडच्या काळात हे प्रेक्षक खरोखरच काल्पनिक होते. आज ते फोनमध्ये राहतात, आणि कुणी बघितलं, कुणी बघूनही काहीच म्हटलं नाही, हेही दिसतं. अशा वेळी वर्गात फसलेल्या एका कवितेची, हसू झालेल्या एका चित्राची किंमत मूल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतं. रोनाल्ड बेगेटो या संशोधकाने अशा माणसांचा अभ्यास केला आहे, ज्यांनी एखाद्या अपमानकारक शेऱ्यानंतर ती कला कायमची सोडून दिली. नुसत्या टीकेने हे होत नाही. टीकेसोबत शरम आली आणि 'मला हे कधी जमणारच नाही' असा समज झाला, की होतं. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना 'शेवटचं चित्र कधी काढलंस?' असं विचारलं तर पुष्कळांना ते वर्ष आठवतं, आणि त्या वर्षी कोण काय म्हणालं होतं तेही शब्दशः आठवतं. म्हणणारा माणूस सहसा विसरलेला असतो.

म्हणून 'सुचत नाही' हे वाक्य मी कधीच जसंच्या तसं घेत नाही. ते पुष्कळदा 'सुचलंय ते सांगण्यासारखं नाही' याचं सुरक्षित रूप असतं. यूट्यूबवरचा प्रकल्प उचलण्यामागेही आळस कमी आणि हिशोब जास्त असतो. तिथला प्रकल्प चालतो हे आधीच माहीत असतं. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच थर्माकोलचं धरण का येतं? स्वतःच्या डोक्यातलं केलं आणि परीक्षकांसमोर बंद पडलं तर गुण जातात. दुसऱ्याचं नीटनेटकं मांडलं तर मिळतात. मुलं अगदी तर्कशुद्ध वागतात.

बक्षिसांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चित्रकलेच्या स्पर्धा तिने सोडल्या असं ओझरतं लिहिलंय, म्हणून सांगतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग या विषयात अजून टिकून आहे. ज्या बालवाडीतल्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं मोकळी ठेवली तेव्हा ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याशी खेळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे घोटाळा बक्षिसात नाही, आधी लावलेल्या अटीत आहे. टेरेसा अमाबाइलचा १९८५ चा प्रयोग तर तरुण लेखकांवरच होता. एका गटाला कविता लिहिण्याआधी काही मिनिटं फक्त एवढंच करायला लावलं, की पैसा, प्रसिद्धी, नोकरी अशा लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांचा क्रम लावा. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या छोट्या कविता, कुणी कुठल्या गटात होतं हे माहीत नसलेल्या परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. बक्षीस दिलं नव्हतं, धमकी नव्हती, फक्त विचार तिकडे वळवला होता.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीचे वर्ग बघा. या परीक्षा मुळात चांगल्या हेतूच्या आहेत आणि चांगला कलाशिक्षक मिळाला तर त्यातून हात खरोखर तयार होतो. पण स्मरणचित्राच्या पेपरचं काय झालंय? रोज पाहिलेलं आठवून काढायचं, हा त्याचा गाभा. प्रत्यक्षात मुलं बाजार, बसस्टॉप, बाग अशी तीन-चार दृश्यं शिक्षकाच्या हातून आधीच घेऊन घोटतात : डावीकडे टोपली घेतलेली बाई, उजवीकडे झाड, मागे तीन रेघांत माणसं. विषय कोणताही आला तरी तीच बाई येऊन बसते. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही खूश. मग ते गुण एकदा पदरात पडले की पेन्सिल माळ्यावर जाते.

याचा अर्थ स्पर्धा वाईट, असं मी म्हणणार नाही, कारण याच महाराष्ट्रात त्याच्या अगदी उलटं उदाहरण आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. स्पर्धा तीच, परीक्षक तेच, निकाल तोच, तरीही त्या दिवसांत अठरा-वीस वर्षांची मुलं जे करतात ते बघण्यासारखं असतं. ज्या मुलाची वर्गात हजेरी लागत नाही तो रात्री अकरापर्यंत प्रकाशयोजनेवर वाद घालत असतो. कारणं शोधली तर सगळी मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडतात. संहिता बहुधा त्यांनीच लिहिलेली, विषय त्यांनीच निवडलेला, म्हणजे मालकी त्यांची. परीक्षक येतात ते शेवटी. त्याआधीच्या कित्येक तालमींत चुकायला पूर्ण मोकळीक. वेळेचं आणि साधनांचं बंधन कडक, त्यामुळे 'काहीही करा' या मोकळेपणाने येणारी भांबावलेली अवस्था नाही. आणि भोवती बरोबरीची मुलं.

बरोबरीच्या मुलांचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये दाखवलं, की संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलं मित्र बघत असताना एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात. प्रौढांमध्ये हा फरक जवळजवळ दिसत नाही. आपण याचा अर्थ फक्त वाईट संगत, भरधाव गाड्या एवढाच लावतो. पण नवीन काही करून बघणं हासुद्धा धोकाच की! मित्रांच्या नजरेमुळे चौदा वर्षांची मुलगी वर्गात गप्प बसते, आणि पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'ची आरोळी उठली की त्याच नजरेमुळे एरवी चार शब्द न बोलणारा मुलगा रंगमंचावर उभा राहतो. नजर तीच, गट बदलला. त्यामुळे मुलीला कल्पक करायचा प्रयत्न करण्याआधी मी बघेन की अर्धवट कामाला न हसणाऱ्या दोन-तीन मैत्रिणी तिला आहेत का.

एक पुस्ती जोडतो. गटात बसवून 'सुचेल ते बोला' म्हटलं की खूप कल्पना येतात, हा समज कंपन्यांनी फार पसरवला. डीएल आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की तेवढीच माणसं एकेकटी बसून विचार करतात तेव्हा एकूण कल्पना जास्त निघतात, कारण गटात एक बोलत असताना बाकीच्यांचं डोकं थांबतं. आधी एकट्याने कागदावर, मग गटात. शाळेतल्या शिक्षकांना मी हे नेहमी सांगतो. लाजऱ्या मुलांचा फायदा सगळ्यांत जास्त होतो.

पाबळचं उदाहरण याहून वेगळं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात गेले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत रमत नसलेली, नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, अन्नप्रक्रिया अशी कामं करता करता विज्ञान शिकतात. मुलांनी बनवलेली वस्तू गावातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, यावर त्यांचा भर होता. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (म्हणजे संगणकाच्या मदतीने हवी ती वस्तू बनवता येणाऱ्या छोट्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये याच गावात उभी राहिली. मानसशास्त्राच्या अंगाने मला त्यातलं 'कुणाच्या तरी उपयोगी' हे महत्त्वाचं वाटतं. काम गुणांसाठी असलं की मुलाचं लक्ष स्वतःवर असतं : मी कसा दिसेन, मला किती मिळतील. काम शेजारच्या काकूंच्या गळक्या टाकीसाठी असलं की लक्ष टाकीवर जातं आणि काल्पनिक प्रेक्षक थोडा वेळ उठून जातात. ग्रँट आणि बेरी यांच्या २०११ च्या अभ्यासातही, कामाची आवड आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावं ही इच्छा जिथे एकत्र आली तिथे कल्पना अधिक उपयुक्त नावीन्याच्या निघाल्या. तुमच्या घरात आजी असतील तर पुढचा प्रकल्प त्यांच्या अडचणीवर करायला सुचवून बघा. चष्मा सापडत नाही, औषधाच्या गोळ्या चुकतात, काहीही चालेल. बंद पडलं तर गुण जात नाहीत, आजी पुन्हा करून मागतात.

तिच्या बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि तेवढं मान्य करायला हवं. रिकाम्या डोक्यातून कल्पना निघत नाही. ज्याला राग ओळखता येत नाही तो आलाप बदलून काय करणार? सराव, पाठांतर, गणितं घोटणं याला मी कमी लेखत नाही. त्यांचं चुकतं ते 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांत. दहावीनंतर बारावी असते, मग सीईटी किंवा नीट, मग कॅम्पस. चौदाव्या वर्षी गुंडाळून ठेवलेली उत्सुकता बाविसाव्या वर्षी तशीच बाहेर काढता येत नाही, कारण तोपर्यंत कच्चं काम न दाखवण्याची आठ वर्षांची सवय झालेली असते. आठवड्यातून दोन-तीन तास, ज्यावर कुणी गुण देणार नाही असं काम, एवढं दहावीच्या वर्षातही बसतं. ते तास अभ्यासाचं बक्षीस म्हणून देऊ नका, आणि मार्क कमी आले म्हणून काढूनही घेऊ नका.

मोबाईलने हे घडवलं असं मी म्हणणार नाही. ही कुरबुर मोबाईलच्या आधीपासून ऐकतोय. पण त्याने एक गोष्ट नक्की खाल्ली, ती म्हणजे कंटाळा. ग्रॅहम वॉलसने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय की तयारी आणि सुचणं यांच्या मध्ये प्रश्न बाजूला पडून राहण्याचा एक टप्पा असतो. बसच्या रांगेत, भांडी विसळताना, आंघोळीत तो टप्पा पार पडायचा. आता प्रत्येक रिकामं मिनिट भरलेलं असतं.

आणि आता चॅटजीपीटी. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. डोशी आणि हाउझर यांच्या २०२४ च्या अभ्यासात ज्या लेखकांना कृत्रिम बुद्धिमत्तेने कथाकल्पना पुरवल्या, त्यांच्या गोष्टी वाचकांना एकेकट्या अधिक चांगल्या वाटल्या. पण सगळ्या गोष्टी एकमेकींसारख्या होऊ लागल्या. स्मरणचित्रातली टोपलीवाली बाई पुन्हा आली, इतकंच. तेव्हा आधी स्वतःच्या दहा वाईट कल्पना कागदावर, मग हवं तर त्याला विचार, हा नियम घरात ठेवा. वाईटच असू देत, हे मुद्दाम म्हणा.

घरात तुम्ही स्वतः काय करायचं? कौतुक कमी करा, चौकशी वाढवा. 'वा, किती हुशार गं तू' हे ऐकून मुलं सावध होतात. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अपयशानंतर लवकर हात टेकले. त्यापेक्षा 'इथे हा दोरा का घेतलास?' असं विचारा आणि उत्तर ऐकताना दुरुस्ती सुचवू नका. दुसरं म्हणजे तिच्यासमोर तुम्हीही काहीतरी कच्चं करा. फसलेली भाजी, विणताना उसवावं लागलेलं स्वेटर, नवीन शिकताना बेसूर लागलेली पेटी. घरात मोठ्यांचं काम सतत नीटनेटकंच दिसलं तर मुलांना वाटतं की मोठं होणं म्हणजे न चुकणं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघा. 'काही सुचत नाही'च्या जोडीला झोप बिघडली आहे, जेवण कमी झालंय, मैत्रिणींना भेटणंही नको वाटतंय, आवडणाऱ्या कशातच मन नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो कल्पकतेचा प्रश्न नाही, नैराश्य असू शकतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. दुःखातूनच कला येते वगैरे गोष्टी अशा वेळी कुणाच्याही ऐकू नका. उपचारांनी प्रतिभा मरत नाही, उलट आजारात पडून राहिलेलं काम हातात धरता येतं.

उरला क्लास. लावायचा असेल तर मुलीला आधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाली तर फी भरण्याआधी एक तास तिथे जाऊन बसा. शिक्षक मुलाच्या हातातून ब्रश किंवा स्क्रू-ड्रायव्हर काढून घेऊन 'असं कर' म्हणतात का, ते बघा. फसलेली, अर्धवट सोडलेली कामं कुठे ठेवली आहेत ते विचारा. आणि भिंतीवर वीस मुलांची वीस चित्रं लावलेली असतील आणि ती लांबून एकाच मुलाची वाटली, तर तो महिना तिला घरी मोकळा द्या आणि तेच पैसे पेचकस, पकडी, चिकटपट्टी आणि भंगारवाल्याकडच्या बंद घड्याळांवर खर्च करा.